पेठेतल्या वाड्याची भिंत फुगली, तर आधी खांब तपासा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कसबा पेठेत १८८० च्या आगेमागे बांधलेला, एकचौकी (एकाच चौकाचा), दुमजली वाडा. रस्त्याकडच्या भिंतीचं प्लास्टर खालच्या चार फुटांत दरवर्षी पडतं. त्याच भिंतीला मधोमध फुगा आलाय. वरच्या सोप्यात (दर्शनी लांबट दालनात) चालताना जमीन हलते. ठेकेदार म्हणतो, जाळी मारून सिमेंटचं प्लास्टर करू आणि चार कोपऱ्यांत आरसीसीचे कॉलम घालू. करावं का?

जाळी नको, सिमेंट नको, आणि कॉलम तर अजिबात नको. ही तीन दुखणी वेगवेगळी दिसतात, पण अशा वाड्यात बहुधा मूळ एकच निघतं. पाणी भिंतीत उतरलेलं असतं आणि भिंतीत गाडलेला सागवानी खांब आतून कुजत असतो. वरून प्लास्टर केलं की तो खांब दिसेनासा होतो, एवढाच फरक.

वाड्याचा भार कोण वाहतं ते पाहायचं असेल तर शनिवारवाड्यात एक चक्कर मारा. १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळालं आणि उरली ती तटबंदी, काळ्या दगडाची जोती (घराखालचे चौथरे) आणि हौद-कारंजी. जोत्याच्या वरचं जवळजवळ सगळं घर लाकडाच्या सांगाड्यावर होतं. तुमच्या वाड्यातही तेच आहे, फक्त लहान मापात. चौकाभोवतीचे खांब उघडे दिसतात म्हणून त्यांची काळजी घेतली जाते, तेलपाणी होतं. बाहेरच्या भिंतीत मात्र तसेच खांब विटांनी वेढलेले असतात आणि दोन-तीन पिढ्यांत ते कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. भिंत स्वतःचं वजन वाहते, थोडा मजल्याचा भारही घेते. पण तुळयांचं, म्हणजे मजला पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडांचं, टोक टेकलेलं असतं ते त्या लपलेल्या खांबावर.

खालून वर जाऊ. जोतं काळ्या पाषाणाचं, दर्शनी बाजूला घडीव थर आणि पोटात चिपा-माती. जोत्यावर प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा. खांबाचा पाय जमिनीच्या ओलीपासून तोडायचं काम तो करतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच ते आठ फूट; घराचं मापही त्यातच सांगतात, पाचखणी सोपा, दोनखणी माजघर. खांबाच्या डोक्यावर दोन्ही अंगांना निघालेला कोरीव आधार, त्यावर तुळई, तुळईवर नऊ-बारा इंचांच्या अंतराने कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर पाट (फळ्या), पाटांवर चार ते सहा इंच मातीची भर आणि वर शेणाचं सारवण. हा झाला कडीपाट. भिंती खालच्या मजल्याला दोन-अडीच फूट जाड, वर दीड फुटावर येतात. खाली भाजलेली, आजच्या विटेपेक्षा बरीच पातळ वीट, मातीत किंवा चुन्यात. वर आणि आतल्या भिंतींना अनेकदा कच्चे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटा. छपराला आढं (माथ्याचं आडवं लाकूड), वासे, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) आणि कौलं.

तुमचा वाडा पेशवाईतला नाही, आणि दुरुस्तीत याचा फरक पडतो. पेशवाईतले वाडे आत तोंड करून बसलेले: रस्त्याला जाड भिंत, दिंडी दरवाजा, वर मोजक्या खिडक्या, आणि सगळा थाट चौकात, म्हणजे सुरूचे खांब, महिरपी, केळफूल. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दर्शनी लाकूडकामाने ओळखला जातो, पण तो पेशवाईच्या अगदी शेवटचा, १८०७ च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांतले वाडे रस्त्याकडे उघडतात. सज्जा बाहेर येतो, त्याला बिडाचे कठडे लागतात, खिडक्या मोठ्या होतात, म्हणजेच रस्त्याकडच्या भिंतीत भोकं वाढतात आणि मधले खांब-पट्टे अरुंद होतात. छपरावर मंगळुरी कौलं असतील तर तेही ध्यानात घ्या: बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा. त्याआधी बांधलेल्या घरावर ही कौलं दिसली तर तिथे नळीची कौलं उतरवून ती घातली आहेत. तेव्हा वासे बहुधा तेच ठेवलेले असतात आणि पाखं (छपराचा उतार) लहरी असतं. नळीचं कौल लहरी पाख्यावरही बसतं. मंगळुरी कौलाला मात्र खाच खाचेत बसावी लागते. पाखं एखादा इंच वर-खाली झालं तरी ती बसत नाही आणि पाणी आत येतं.

आता पाणी कुठून येतं. तीन वाटा आहेत आणि त्या याच क्रमाने तपासायच्या.

पहिली वाट छपराची, त्यातही चौकाच्या कोपऱ्यातली. दोन पाखी जिथे आत मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजते, तिच्यात कचरा साठतो, आणि सगळं पाणी नेमकं कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर उतरतं. पुण्यात पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर, कोकणाच्या मानाने काहीच नाही, म्हणून कौलं परतायचा शिरस्ता पेठांत कधीच सुटला. मंगळुरी कौल एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण दीडशे लागतं. दरवर्षी मेमध्ये सगळी उतरवायची गरज नाही. फुटलेली बदला आणि पन्हळ हाताने साफ करा. डांबर आणि सिमेंटने कौलांचे सांधे भरू नका. पाणी आत शिरलं की मग ते बाहेरही येत नाही.

दुसरी वाट मोरीची, आणि माझ्या मते पेठेतले वाडे पावसाने कमी, मोऱ्यांनी जास्त मेले. मूळ रचनेत मोरी आणि शौचकूप मागच्या अंगाला, तळमजल्यावर. पुढे एकेक खण भाड्याने गेला आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वरच्या मजल्यावर, सरळ कडीपाटावर, मोरी मिळाली. शहाबादी फरशी, सिमेंटचा सांधा, एक पाइप भिंतीतून बाहेर. लाकडी जमीन थोडी लवते, फरशीचा सांधा फुटतो, पाणी मातीच्या भरीत मुरतं. ही ओली माती वर्षानुवर्षं कड्यांवर बसून राहते. तुमची जमीन हलते ती मोरीच्या आसपास जास्त हलते का, एवढं आधी बघा. खालून छताच्या पाटांवर तपकिरी-काळे डाग, किंवा कडीच्या भिंतीत जाणाऱ्या टोकाशी पांढरी बुरशी दिसली तर उत्तर मिळालं.

तिसरी वाट जमिनीची. जोतं बांधताना दोन-तीन फूट उंच होतं. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, मग काँक्रीट आलं, आणि आज पेठेत कित्येक ठिकाणी जोत्याचा एखादाच थर वर दिसतो. दगडावर उडायचं ते पाणी आता विटेवर, कधी भेंड्यांवर उडतं. शिवाय काँक्रीटमुळे रस्त्याखालची ओल वर निघायला जागा नाही. ती भिंतीतून चढते. चौकातला जुना हौद किंवा आड स्लॅब टाकून बुजवलेला असेल तर तो उघडून पाहाच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेलं पाणी शहरातल्या हौदांत खेळायचं, आणि अशा बुजवलेल्या हौदात आज बहुधा सांडपाणी झिरपत असतं.

सिमेंटबद्दल. पडलेल्या प्लास्टरचा एक मोठा पापुद्रा उचला आणि उलटा करून बघा. पाठीला विटेचा लाल पापुद्रा चिकटून आलेला असेल, आणि विटेच्या उघड्या अंगावर पिठासारखा पांढरा क्षार. भिंतीत चढलेली ओल चुन्यातून किंवा मातीतून हळूहळू बाहेर उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर सांडतो. ब्रशने झाडला की संपलं. सिमेंट हे होऊ देत नाही. ओल त्याच्यामागे अडते, वाट शोधत आणखी वर चढते, क्षार विटेच्या आतच स्फटिक धरतो आणि विटेचं तोंड फोडतो. दोन फुटांवर असलेली ओल चार फुटांवर गेली असेल तर याआधी कोणीतरी सिमेंट मारलंय असं समजा. भेंड्यांच्या भिंतीत प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण भिजलेला भेंडा दाबाखाली बसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे असेच बसले. सिमेंटच्या आड तेच सावकाश होतं. ऑइलपेंट आणि प्लास्टिक इमल्शन यांचाही गुन्हा तोच.

आणि आरसीसी कॉलम? त्यांचा पाया खोदायला जोत्यालगत चार-पाच फूट खाली जावं लागतं, म्हणजे पोटात चिपा-माती भरलेलं जोतं एका बाजूने उघडं पडतं. कॉलम ताठ, लाकडी सांगाडा लवचीक; दोघं एकत्र हलत नाहीत आणि तडा जोडावर येतो. वर कॉलमला तुळई जोडायची म्हणजे तुळईचं टोक काँक्रीटमध्ये गाडायचं. तिथे ते काही वर्षांत कुजतं.

आता काम. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून, या क्रमाने.

तपासणी आधी. फुग्याजवळच्या भिंतीला वरून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडा आणि दर फुटाला अंतर लिहून ठेवा. जाडीच्या एक षष्ठांशाहून जास्त बाहेर गेलेली भिंत धोक्याची, हा चुन्यातल्या पक्क्या भिंतीचा ठोकताळा. दोन फुटी भिंतीला तो चार इंच येतो. माती-भेंड्याच्या भिंतीला मी त्याच्या निम्म्यावरच, दोन इंचांवर, टेकू लावायला सांगतो. फुग्यावर हातोडीने हलकं वाजवा. पोकळ आवाज आला तर भिंतीची दोन अंगं सुटी झाली आहेत आणि मधला भराव खाली बसलाय. मग आतल्या बाजूने, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि तुळईच्या टोकाखाली, प्रत्येक लपलेल्या खांबाशी एकेक वीट काढा. जाड दाभण लाकडात दाबा. चांगल्या सागवानात ते जेमतेम एक-दोन मिलीमीटर जातं. कुजलेल्यात बोटभर सहज उतरतं. ओल मोजायचं यंत्र असेल तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे कुजण्याला पोषक स्थिती. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती पुसून टाकू नका. ती कुठून आली ते आधी शोधा. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटची ताकद अजमावायचा हातोडा, घेऊन आले तर विनम्रपणे परत पाठवा, विटेच्या आणि लाकडाच्या वाड्यात त्या आकड्याला अर्थ नाही. वाडा हेरिटेजच्या यादीत असेल तर दर्शनी बाजूच्या कुठल्याही बदलाआधी महापालिकेची परवानगी लागते, तीही याच काळात घ्या.

टेकू. तळमजल्याच्या जमिनीपासून थेट वरच्या तुळईपर्यंत, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक. खालचा मजला चुकवून फक्त वरच्या तुळईला टेकू दिला की तो भार कडीपाटावर येतो, आणि वाडे या चुकीनेच पडतात. खाली जाड फळी घालून भार पसरवा. बसलेली तुळई जॅकने उचलायची असेल तर दिवसाला दोन-तीन मिलीमीटर, जास्त नाही. पन्नास वर्षांत बसलेली तुळई एका दुपारी सरळ केली तर कड्यांचे सांधे सुटतात आणि चौकाच्या पलीकडच्या भिंतीला तडे जातात. पूर्ण सरळ करण्याचा हट्टही नको.

छप्पर आणि पन्हळी याच वेळी. खालचं काम सुरू असताना वरून गळत असेल तर सगळं वाया.

खांब. सहसा कुजलेला असतो फक्त पाय, एक-दोन फूट. पूर्ण खांब बदलू नका. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, आणि जुन्या सागवानाचाच तुकडा तिरप्या खाचेने जोडा. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट, म्हणजे आठ इंची खांबाला दोन फूट. लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेसचे बोल्ट, साधं लोखंड नको, ते गंजून लाकूड फोडतं. तळखडा खचला असेल तर तो पुन्हा बसवा आणि खांबाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा ठेवा. कडीचं किंवा तुळईचं टोक भिंतीत जातं तिथेही तीन बाजूंनी वारा खेळायला हवा. कापलेल्या टोकांना आणि सांध्यांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण दोन-तीन हात लावा.

भिंत. फुग्यात सिमेंटची स्लरी पंपाने भरू नका. वीट चुन्यात असेल आणि अंगं थोडीच सुटली असतील तर चुना आणि सुरखी (विटेची भुकटी) यांचं पातळ मिश्रण वरून, नुसत्या उंचीच्या दाबाने, खालच्या भोकापासून वर असं भरता येतं. माती-भेंड्याच्या भिंतीत ते मुरत नाही. तिथे फुगलेला भाग काढून पुन्हा बांधायचा, पण तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत, एक आड एक. पहिली पट्टी पूर्ण भरून आठवडा झाल्याशिवाय शेजारची उघडायची नाही. दोन्ही अंगं बांधणारे आरपार दगड किंवा विटा उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना हवेतच. मूळ भिंतीत ते नव्हते म्हणूनच ती फुगली, असं अनेकदा दिसतं.

खालच्या चार फुटांतलं सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावू नका. त्यानंतर भिंत एक उन्हाळा तरी उघडी ठेवा. इंचभर जाडी सुकायला साधारण महिना लागतो, त्यामुळे दोन फुटी भिंत महिन्याभरात वाळेल अशी अपेक्षा ठेवूच नका. क्षार दर पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडायचा आणि उचलून बाहेर टाकायचा, पाण्याने धुतला तर परत आत जातो. रस्त्याकडे जोत्यालगत फूटभर रुंदीची खडी भरलेली चर काढता आली तर उत्तम. महापालिकेचा रस्ता अगदी भिंतीला भिडला असेल तर निदान चौकाच्या आतल्या बाजूने काढा.

चुना. पिशवीतला हायड्रेटेड चुना जुना असेल तर हवेतच मेलेला असतो; कळीचा चुना घेता आला तर तोच घ्या. पाणी टाकलं की तो काही मिनिटांत उकळून फुलला पाहिजे. खडे जास्त उरले तर नीट भाजलेला नाही. विरवताना (पाण्यात फुलवताना) डोळ्यांना गॉगल हवा, त्यात हयगय नको. विरलेला चुना गाळून दोन इंच पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर ठेवा. गिलाव्याचा (प्लास्टरचा) पहिला हात: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग चाळलेली धारदार वाळू, त्यात इंचभर कापलेला ताग. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी, पक्क्या कडक विटेची भुकटी नुसती वाळूसारखी वागते. चुन्याच्या घाण्यात किंवा चक्कीत मळा. हाताने कालवलेल्या चुन्यात गुठळ्या राहतात आणि त्या पुढे फुगून प्लास्टरवर फोड येतात. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत आहे, ती पाळायला हरकत नाही. पण गुळाने वाईट चुना चांगला होत नाही, आणि जास्त झाला तर घट्ट व्हायला वेळ लागतो.

पहिला हात १२ ते १५ मिलीमीटर, दुसरा ८, वर संदला (चुन्याचा शेवटचा गुळगुळीत थर) दोन-तीन, गुळगुळीत गोट्याने घासून. प्रत्येक हातामध्ये नखाने दाबून खूण उठणार नाही इतका वेळ द्या. आठ-दहा दिवस ओलं पोतं बांधा. भर उन्हात सुकला की चुना भुसभुशीत राहतो. भेंड्यांवर चुना थेट धरत नाही. आधी मातीचाच गिलावा, चिरलेलं काड आणि थोडं शेण घालून. तो वाळून भेगा पडल्या की त्या भेगांत वर चुना धरतो. शेवटी चुन्याचीच सफेदी, दोन पातळ हात. खालच्या दोन फुटांतला गिलावा चार-पाच वर्षांनी पुन्हा करावा लागेल हे गृहीत धरा. क्षार तिथे येणारच, आणि तो विटेपेक्षा गिलाव्याने खाल्लेला बरा.

हलणाऱ्या जमिनीचं शेवटी. शहाबादी फरशी आणि खालचा सिमेंटचा थर मिळून चौरस फुटाला चौदा-पंधरा किलो होतात, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत जवळजवळ दीड टन, तोही मूळच्या मातीच्या भरीवर. ते आधी उतरवा. अर्धी हालचाल तिथेच थांबते. मग माती काढून कड्या तपासा. कुजलेल्या टोकाच्या कडीला शेजारी जोडकडी द्या, भर कोरडी, चार इंचांवर आणा आणि वर सागवानी फळ्या किंवा चुन्याची पातळ जमीन करा. मोरी मात्र तिथे परत नको. मागच्या अंगाला सगळ्या बिऱ्हाडांची एकावर एक अशी उभी रांग करा, तिचा भार तळातून स्वतंत्र उचललेला, आणि पाइप भिंतीच्या बाहेरून, हाताला लागेल असे.

ठेकेदाराशी करारात एक कलम विसरू नका: निघालेलं प्रत्येक लाकूड, कडी-कोयंडा, पातळ वीट आणि कौल क्रमांक टाकून वाड्यातच ठेवायचं, त्याच्या हिशेबात भंगार म्हणून वजा करायचं नाही. खांबाच्या जोडाला लागणारं जुनं, पुरेसं वाळलेलं सागवान बाजारात विकत घ्यायला गेलात, तर ते बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याचंच मिळेल, आणि दुप्पट भावाने.